पंडित विष्णु नारायण भातखंडे : श्रवणातून शास्त्राकडे

विद्यार्थी मित्रहो, संगीतकार म्हणून घडण्यासाठी काय लागते, असे विचारल्यास आपण बहुधा गोड गळा आणि नित्य रियाझ ही दोन उत्तरे द्याल. ती योग्यच आहेत. पण तेवढ्याने भागत नाही. नेमके ऐकणे, स्मरणात ठेवणे, ऐकलेले लिहून घेणे आणि पडताळून पाहणे ही कौशल्येही तितकीच आवश्यक असतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या चरित्रातून ती स्पष्टपणे दिसतात.

भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेत ते सतार शिकले. 1887 मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. नोकरी-व्यवसाय सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. भातखंडे यांचे संगीतशिक्षणही व्यवसायाच्या जोडीनेच झाले. मुंबईतील पारशी मंडळींनी स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांना नामवंत कलावंतांचे गाणे ऐकता आले. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी ध्रुपदांची तालीम घेतली.

ऐकता ऐकता त्यांना एक विसंगती जाणवू लागली. जुने संस्कृत ग्रंथ रागांची जी लक्षणे सांगत, ती प्रत्यक्ष गायनाशी जुळत नव्हती. एकच राग निरनिराळ्या घराण्यांत वेगळ्या रीतीने गायला जाई. बंदिशी प्रामुख्याने मुखोद्गत असत. उस्तादाने त्या शिष्याला दिल्या नाहीत, तर त्याच्याबरोबरच त्या लुप्त होत.

1900 मध्ये पत्नीचे आणि 1903 मध्ये एकुलत्या मुलीचे निधन झाले. त्यानंतर वकिली सोडून त्यांनी संगीतालाच वाहून घेतले. 1904 मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. पुढे उत्तरेतही हिंडले. ग्रंथालयांतील हस्तलिखिते वाचली, पंडितांना प्रश्न विचारले, घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळवल्या. ऐकलेले टिपण्यासाठी त्यांनी सुटसुटीत स्वरलिपी सिद्ध केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू आणि तार सप्तकासाठी वर बिंदू, अशी तिची चिन्हे आहेत. अनेक बंदिशी या लिपीत नोंदवून त्यांनी त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या.

भाषेच्या अभ्यासकाला त्यांची पद्धत ओळखीची वाटेल. भाषेत प्रयोग आधी असतो, व्याकरण मागाहून येते. भातखंडे यांनीही प्रचलित गायनाला, म्हणजे ‘लक्ष्या’ला, प्रमाण मानून नियम शोधले. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच ही भूमिका दिसते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मात्र त्यांनी मराठीत, गुरु-शिष्यसंवादाच्या रूपाने लिहिला. त्यात रागांची मांडणी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत केली आहे.

या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले. भूप हा राग कल्याण थाटात येतो. पण कल्याणाची खूण असलेला तीव्र मध्यम त्यात नाहीच. शिवाय भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर सारखे आहेत. भुपात गंधाराला प्राधान्य, देशकारात धैवताला. हा भेद कागदावर एका शब्दात सांगता येतो. मात्र तो गळ्यात उतरण्यासाठी गुरूचे गाणे पुनःपुन्हा ऐकावेच लागते. स्वरलिपी बंदिशीचा सांगाडा जपते. मींड, आंदोलन आणि आवाजाचा लगाव तिच्या चिमटीत पूर्णपणे येत नाही.

1916 मध्ये बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवण्यात आणि 1926 मध्ये लखनौ येथे मॉरिस कॉलेज स्थापन करण्यात भातखंडे यांचा पुढाकार होता. 19 सप्टेंबर 1936 रोजी त्यांचे निधन झाले. ते मैफली गाजवणारे गायक नव्हते. तरीही आज संगीताचा विद्यार्थी वही उघडून स्वर लिहितो, तेव्हा बहुधा त्यांच्याच खुणा वापरतो.

स्वाध्याय : भूप आणि देशकार या रागांतील एकेक बंदिश लक्षपूर्वक ऐका. कोणत्या स्वरावर गायक अधिक थांबतो, ते प्रथम स्वतः टिपा आणि मगच पुस्तकातील लक्षणांशी पडताळून पाहा.