मार ज्युलियस आल्वारिस : वेदीपासून दूर लोटलेला सेवक



जबलपूर, नागपूर, वसई, जेथे कोठे आपण रविवारी वेदीपुढे गुडघे टेकता, तेथे ही वेदी कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली आहे, हा प्रश्न सहसा आपल्या मनाला शिवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र याच प्रश्नावरून पश्चिम किनाऱ्यावरील श्रद्धावंतांत फूट पडली. त्या वादात मानमरातब गमावून बसलेल्या एका गोमंतकीय धर्मगुरूची ही जीवनकथा आहे.

आंतोनियु फ्रान्सिस्कु शाव्हियर आल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी गोव्यातील वेर्णा गावी झाला. धर्मगुरू झाल्यावर गरिबांचे हाल त्यांना पाहवेनात. १८७१ साली त्यांनी पणजीत भिकाऱ्यांच्या साहाय्यासाठी एक सेवासंस्था काढली. वृत्तपत्रेही चालवली. त्यांतून पोर्तुगीज सरकारवर आणि धर्माधिकाऱ्यांवर त्यांनी निर्भीडपणे टीका केली. वरिष्ठांचा रोष ओढवण्यास तेवढे पुरेसे होते.

१८८६ साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यायोगे श्रीलंका व भारत येथील अनेक मंडळ्या गोव्याच्या अधिकारातून निघून रोमच्या थेट व्यवस्थेखाली गेल्या. ज्यांच्यावर गोव्याच्या धर्मगुरूंनी पिढ्यान् पिढ्या मायेचे छत्र धरले होते, त्या लोकांचे मत कोणी विचारले नाही. असंतुष्टांनी आल्वारिस यांना साद घातली. त्यांनी केरळातील मलंकरा मंडळीशी संबंध जोडला आणि २८ जुलै १८८९ रोजी कोट्टयम येथे मार ज्युलियस या नावाने त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला.

आता ते अंत्युखियाच्या पात्रियार्कांच्या अधीन होते. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव जेथे प्रथम मिळाले, तेच हे अंत्युखिया. तरीही उपासनेची जुनी रीत मोडली नाही, हे लक्षात घ्या. लॅटिन विधीनेच मिस्सा करण्याची मुभा या मंडळीला मिळाली होती. उडुपीजवळच्या ब्रह्मावर येथे फादर रॉक झेफ्रिन नोरोन्हा यांनी या समाजाचे नेतृत्व केले. आज्ञापालनाचा धागा तुटला होता. आजोबा-पणजोबांची प्रार्थना मात्र त्यांच्या ओठी राहिली.

२९ मे १८९२ रोजी कोलंबो येथे आल्वारिस यांनी अमेरिकेहून आलेल्या रने व्हिलात यांना बिशपपदाचा अभिषेक दिला. युरोप-अमेरिकेतील कित्येक स्वतंत्र कॅथोलिक मंडळ्या आपली अभिषेकपरंपरा व्हिलात यांच्या द्वारे या गोमंतकीय बिशपाशी जोडतात.

मायभूमीत मात्र त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. १८९५ साली पणजीत त्यांना अटक झाली आणि अंगावरची बिशपाची वस्त्रे उतरवण्यात आली.  १८९६ साली त्यांनी पटकीवरील उपचारांची पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे रायबंदर येथे राहून ते गोरगरिबांची व कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिले.

२३ सप्टेंबर १९२३ रोजी ते प्रभुवासी झाले. अखेरपर्यंत ते रोमच्या मंडळीत परतले नाहीत आणि म्हणून तिचे अंत्यविधीही त्यांना लाभले नाहीत. निरोप द्यायला गोरगरिबांची दाटी झाली. पुढे त्यांच्या अस्थी मित्रांनी जपल्या. आज त्या रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत.

वाचकहो, आल्वारिस यांचा निर्णय योग्य होता की नव्हता, याविषयी आपल्यांत मतभेद राहतील. ख्रिस्ताच्या देहातील प्रत्येक फूट ही जखमच असते आणि तिच्यात दोन्ही बाजूंचा वाटा असतो. पण आपल्याही मंडळीतून कोणीतरी रागावून, दुखावून बाहेर पडलेले असेल. तो आजारी पडला तर त्याच्या उशाशी आपल्यापैकी कोण बसेल? त्याची शवपेटी उचलायला आपला खांदा पुढे होईल का? रायबंदरच्या गरिबांनी हा प्रश्न विचारत बसण्यात वेळ दवडला नव्हता.