पॅट्रिक रसेल
पॅट्रिक रसेल (६ फेब्रुवारी १७२६, एडिनबरा – २ जुलै १८०५, लंडन) हे स्कॉटिश वैद्यक व निसर्गशास्त्रज्ञ होते. भारतातील सर्पांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. घोणस या विषारी सर्पाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे.

जीवन
वैद्यकीय शिक्षणानंतर रसेल यांनी सीरियातील अलेप्पो येथे दोन दशके वैद्यकी केली. १७६० ते १७६२ मध्ये तेथे पसरलेल्या प्लेगच्या अनुभवावर त्यांनी १७९१ मध्ये ग्रंथ लिहिला. १७७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७८१ मध्ये ते बंधू क्लॉड यांच्यासोबत विशाखापट्टणमला आले आणि १७८५ मध्ये योहान क्योनिग यांच्या मृत्यूनंतर ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गशास्त्रज्ञ झाले. १७८९ मध्ये ते मायदेशी परतले.

सर्पविषयक कार्य
सामान्य माणसाला विषारी सर्प ओळखता यावा, हा त्यांच्या संशोधनाचा हेतू होता. त्यांनी सर्पांचे नमुने व स्थानिक नावे जमवली, कोंबड्या व कुत्र्यांवर दंशाचे प्रयोग करून लक्षणे नोंदवली आणि प्रचलित उताऱ्यांची परीक्षा केली. मराठ्यांचे राज्य असलेल्या तंजावरच्या प्रसिद्ध गोळीत सोमल असल्याचे आढळले. त्यांचा सचित्र सर्पग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. घातकतेत घोणशीला त्यांनी नागाखालोखाल स्थान दिले. १७९७ मध्ये जॉर्ज शॉ यांनी तिला रसेल यांचे नाव दिले.

वैद्यकीय महत्त्व
घोणशीचे विष रक्त गोठवणारे घटक सक्रिय करून संपवते; त्यामुळे पुढे रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून व लघवीतून रक्तस्राव, दंशस्थानी सूज व ऊतींचा नाश, तसेच मूत्रपिंडे निकामी होणे ही गुंतागुंत उद्भवते. रक्त काचेच्या नळीत २० मिनिटांत गोठते का, या साध्या चाचणीने धोका ओळखता येतो. याच विषाचा उपयोग १९३४ मध्ये मॅकफार्लेन व बार्नेट यांनी हिमोफिलियातील रक्तस्राव थांबवण्यासाठी केला.

कोकणातील संदर्भ
रसेल यांचे कार्य पूर्व किनाऱ्यावर झाले, तरी त्याचे महत्त्व मंडणगडसह रत्नागिरी जिल्ह्याच्या डोंगराळ, भातशेतीच्या प्रदेशातही तेवढेच आहे. येथे घोणशीबरोबर फुरसेही आढळते व त्याच्या दंशानेही रक्त गोठत नाही. फुरसे आकाराने लहान असले, तरी मुंबई इलाख्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा असल्याचे जी. डब्ल्यू. विदाल यांनी १८९० मध्ये दाखवून दिले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावरील प्रतिविष आज भारतात वापरले जाते. मात्र त्याने निकामी झालेले मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. म्हणून दंशानंतर रुग्णालयात विनाविलंब पोहोचणे निर्णायक ठरते.