सर रॉबर्ट पील : गुन्हा घडण्यापूर्वीचा विचार

गुन्ह्याला शिक्षा देणे महत्त्वाचे, की गुन्हा घडूच न देणे? सर रॉबर्ट पील (१७८८-१८५०) यांचे चरित्र आपण या प्रश्नाच्या आधारे पाहू. लँकेशायरमधील बरी येथे एका गिरणीमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८२२ मध्ये ते ब्रिटनचे गृहमंत्री झाले, तेव्हा अनेक प्रकारच्या चोऱ्यांनाही फाशीची शिक्षा होती; तरीही लंडनमधील गुन्हेगारीला आळा बसत नव्हता. पील यांनी बऱ्याच गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली आणि १८२९ च्या कायद्याने लंडनसाठी पगारी पोलीसदल उभारले. हे दल लोकांना लष्कर वाटू नये म्हणून शिपायांना निळा गणवेश आणि लाकडी दंडुका देण्यात आला. नेमून दिलेल्या भागात पायी गस्त घालून गुन्हे टाळणे हे त्यांचे मुख्य काम ठरले.

लोकांचा विश्वास मात्र लगेच मिळाला नाही. १८३३ मध्ये एका सभेतील झटापटीत शिपाई मारला गेला, तेव्हा ज्यूरीने ती हत्या समर्थनीय ठरवली. पुढे मात्र रॉबर्ट या नावाच्या घरगुती रूपावरून पोलिसाला ‘बॉबी’ हे नाव पडले. धाक वाटणाऱ्या माणसाला समाज असे नाव सहसा देत नाही, हे आपण लक्षात घ्यावे.