इन्साफाचा रोजा

रोजा म्हणजे फक्त उपाशी राहणे नव्हे. माणसाचा अखलाक, म्हणजे चारित्र्य, घडावे हा त्याचा खरा हेतू आहे. एखाद्या समाजाविषयी मनात राग असला तरी न्यायापासून ढळू नका, अशी कुरआनची ताकीद आहे.

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) या कसोटीला उतरले. मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेले तय्यबजी १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष होते आणि १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

जुलै १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टानेही एकदा अर्ज फेटाळला. ४ ऑगस्टला नवा अर्ज तय्यबजींपुढे आला. ते स्वतः मवाळ विचारांचे, टिळकांचा मार्ग वेगळा. १८९३ च्या दंग्यांची कटुता शहरात अजून होती. त्यातच सरकारचा जामिनाला विरोध. अर्ज फेटाळला असता तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी एवढेच पाहिले की, आरोपी खटल्याला हजर राहील का आणि कोठडीत राहून त्याला बचावाची नीट तयारी करता येईल का. त्यांनी जामीन मंजूर केला.

पुढे दुसऱ्या न्यायाधीशासमोर टिळकांना शिक्षा झाली. तरीही गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी थांबताना तय्यबजींचीही आठवण व्हावी. पोटाचा रोजा मगरिबला सुटतो, इन्साफाचा रोजा मात्र आयुष्यभर पाळायचा असतो.