आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्येला स्वगृही आणणारा गोमंतकपुत्र

गोमंतकाने भारतवर्षाला जी विद्वद्रत्ने अर्पण केली, त्यांत आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे स्थान अग्रगण्य होय. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. नारळीच्या बागायतीची देखभाल करीत असता एका मराठी मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली.

१८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते ज्ञानार्थ घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर व काशी येथे संस्कृताचे अध्ययन केले. परंतु ज्या पाली भाषेत बुद्धवचने जतन झाली, तिची अध्ययनपरंपरा या भूमीत जवळजवळ लोपली होती. ती भाषा शिकण्यासाठी त्यांना १९०२ मध्ये सिंहलद्वीप गाठावे लागले. आपल्याच देशाचे हे धन लंडनहून रोमन लिपीत छापून येत होते!

१९०६ पासून कलकत्त्यास, प्रथम स्वदेशी चळवळीतून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात व पुढे विद्यापीठात, त्यांनी पाली शिकविली. तेथे मान होता, वेतनही बरे होते. तथापि बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ लिहावा. कोसंबींनी अधिक वेतनाची जागा सोडून हे अल्प वेतन पत्करले. आपल्या लोकांना आपल्या भाषेत ज्ञान मिळावे, हा ध्यास त्यामागे होता. या ध्यासाची झळ त्यांच्या कुटुंबालाही सोसावी लागली, हे विसरून चालणार नाही.

१९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली घडले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण केले. त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये भारतात सिद्ध केली. सरकारी आश्रयाविना चालणाऱ्या, महात्माजींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठातही त्यांनी कार्य केले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने त्यांनी देह ठेवला.

आज आपल्या मुलामुलींना उच्च शिक्षण गोव्यातच मिळते. मात्र मिळविलेली विद्या आपल्या भाषेतून आपल्या माणसांपर्यंत पोहोचविण्याचे ऋण अजून फिटलेले नाही. सांखवाळच्या या सुपुत्राचे स्मरण करताना प्रत्येक महाजन कुटुंबाने त्याचा विचार करावा, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.