हातांनी राखलेले पुराण : फादर थॉमस स्टीफन्स



ब्रह्मपुरीच्या घराघरांत दहावीच्या मुलांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते : अक्षर नीट काढ. ज्यांची शाळा जुन्या काळी झाली, त्यांना तर बोरू, टाक, दौत आणि कित्ता हे शब्द समजावून सांगायला नकोत. बोरू दौतीत बुडवायचा, दोन-चार अक्षरे काढायची, पुन्हा बुडवायचा. या संथ कामाचे आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांवर मोठे ऋण आहे. ते कसे, हे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रावरून कळते, म्हणून या रविवारी आम्ही ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्म उघडपणे पाळणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाचे त्यांचे मित्र याच कारणाने पकडले गेले. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रात काढून २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना या प्रवासाची हकिगत सांगणारे लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि आजही वाचले जाते. मायदेशी ते कधीच परतले नाहीत.

गोव्यातील सासष्टी भागात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सेवा केली. तेथील कॉलेजचे ते रेक्टरही होते. लोकांच्या तोंडची कोकणी ते शिकले आणि ग्रंथांची मराठीही शिकले. आपल्याकडे घरात झाडीबोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी असते, तसाच काहीसा प्रकार तेथे होता. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. युरोपातील विद्वानांनी या नात्याचा पद्धतशीर अभ्यास केला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

त्या काळाची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यातील जुने धर्मग्रंथ जप्त होत होते, नष्ट केले जात होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना लहानपणापासून पुराण ऐकायची सवय होती. जुनी पुराणे गेली आणि त्या जागी ऐकायला काही उरले नाही. त्यांनी फादरांकडे ही उणीव बोलून दाखवली. त्यातून ख्रिस्तपुराण जन्माला आले. सुमारे ११,००० ओव्या आणि एकूण ९५ अवस्वरू म्हणजे अध्याय. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. एका इंग्रज माणसाने ओवी छंदात एवढे मोठे मराठी काव्य रचले आणि त्यात मराठी भाषेची थोरवीही मनापासून गायली.

आता अडचण आली ती अक्षरांची. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण देवनागरीचे खिळे नव्हते. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून आपली इच्छा कळवली. दक्षिणेत मलबारकडे जशी पुस्तके तेथल्याच लिपीत छापली जातात, तशी इथल्या लिपीतही छापली जावीत असे त्यांना फार वर्षांपासून वाटत होते. परंतु युरोपात चोवीस अक्षरांत भागते, तर इथे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे साचे लागणार होते. ते काम झाले नाही. १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत.

रोमन अक्षरांत मराठी लिहिणे म्हणजे तडजोडच. त आणि ट यांना तेथे वेगळी अक्षरे नाहीत. म्हणून त साठी एक ‘टी’ आणि ट साठी दोन ‘टी’ लिहायची पद्धत ठेवली गेली. लेखणीसुद्धा वेगळी. युरोपात पक्ष्याचे पीस तासून लिहीत, आपल्याकडे बोरू. रोमन अक्षरांसाठी टोकाला जो तिरपा काप लागतो, त्याच्या उलट्या बाजूचा काप देवनागरीला लागतो, कारण जाड आणि बारीक रेघा उलट दिशांना पडतात. एका लिपीची लेखणी घेऊन दुसरी लिपी सुबक निघत नाही.

१६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले. त्यांची कोकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. मधली एकवीस वर्षे ते व्याकरण हस्तलिखितातच होते. दुसऱ्या एका येशूसंघीय फादरांनी त्यात भर घातली, तेव्हा ते छापखान्यात गेले. ख्रिस्तपुराणही १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले.

पण १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. देशी भाषेतील पुस्तकांना वाईट दिवस आले. ख्रिस्तपुराणाच्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज कोठे असल्याची माहिती नाही.

मग पुराण वाचले कसे? ते लोकांनी हाताने उतरवून घेतले होते. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या वह्या सोबत नेल्या. उपवासकाळात त्या वाचल्या जात, जीर्ण झाल्या की पुन्हा नकलून घेतल्या जात. जरा हिशेब करू या. रोज ५० ओव्या उतरवल्या, तरी एक प्रत पुरी व्हायला २२० दिवस लागतात. शेती-घरदार सांभाळून, दिव्याच्या उजेडात, घडीघडीला लेखणी दौतीत बुडवून ज्यांनी हे केले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

अशाच पाच हस्तलिखितांवरून १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात हा ग्रंथ पुन्हा छापला. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन अॅबट यांना लंडनमध्ये, विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात, या पुराणाचे देवनागरीत लिहिलेले हस्तलिखित सापडले. काही अभ्यासक त्यालाच मूळ पाठ मानतात, काही ते नंतरचे समजतात. १९५६ साली पुण्यातून शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून आणले आणि फादरांची ती जुनी इच्छा साडेतीनशे वर्षांनी एकदाची पूर्ण झाली. त्यानंतर फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ साली आणि फादर नेल्सन फाल्काव यांची २००९ साली निघाली.

आज आपल्या मोबाईलवर क्षणात मजकूर उमटतो, आणि मोबाईल बिघडला की तितक्याच लवकर जातो. आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या हातच्या वह्या असतील. त्यांत भजने, नोव्हेना, गावाकडच्या प्रार्थना लिहिलेल्या असतात. त्या वहीची दुसरी प्रत सहसा कोठेच नसते. कागद पिवळा पडतो, पावसाळ्यात ओल लागते, वाळवी लागते.

म्हणून आमची एक विनंती आहे. अशी वही घरी असेल तर या सुट्टीत मुलांकडून ती चांगल्या अक्षरात उतरवून घ्या. बाजारात टाक आणि दौत मिळाली तर फारच छान, नाहीतर साधा पेन चालेल. रोज एकच पान लिहावे, घाई करू नये, ओळ सुटली तर पुन्हा लिहावी. अक्षरही सुधारेल आणि प्रार्थनाही मनात उतरेल. ज्यांच्याकडे वही नाही, त्यांनी शुभवर्तमानाचा एक अध्याय हाताने लिहून पाहावा.

अनोळखी हातांनी फादर स्टीफन्स यांचे शब्द आपल्यापर्यंत आणून पोहोचवले. पुढच्या पिढीसाठी ते काम आता आपल्या हातांकडे आले आहे. प्रभू आपल्या हातांना बळ देवो.