चुकीच्या बाजूला पडलेली नोंद

बँकेत चौतीस वर्षे काढली. वर्षअखेरीला ताळेबंद जुळला नाही की रात्री अकरा-अकरापर्यंत लेजर उपसत बसायचे. पुष्कळदा फरक निघायचा तो एकाच नोंदीचा. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, खातेही बरोबर. फक्त जमेची नोंद नावे पडलेली. अशा वेळी फरक त्या रकमेच्या दुप्पट दिसतो, हे जुन्या कारकुनांना ठाऊक असते. इल्या मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना मला त्या रात्री आठवत राहिल्या.

वाचनाचे निमित्त सुखाचे नव्हते. माझे थोरले बंधू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. म्हणून डॉक्टरांनी माझीही दुर्बिणीतून तपासणी केली, आतड्यातली एक लहानशी गाठ काढली आणि ती तपासायला पाठवली. अहवालाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत घरात कुणाशी धड बोललो नाही. पोटाविषयी मिळेल ते वाचत राहिलो. त्यात हा माणूस भेटला.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ सालचा, आज युक्रेनमध्ये असलेल्या खार्कोव्ह परिसरातला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला. पण बुद्धी जेवढी तल्लख, तेवढेच मन हळवे. पहिली पत्नी ल्युडमिला हिला क्षय होता. लग्नाच्या वेळी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि मेचनिकॉव्हनी अफूचे विष घेतले. ते त्यातून वाचले. दुसरी पत्नी ओल्गा हिला १८८० मध्ये विषमज्वराने गाठले. त्या खचलेल्या काळात त्यांनी एका तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यातूनही वाचले.

१८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी घरची मंडळी सर्कशीला गेली असताना हे एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत हिंडणाऱ्या पेशी त्यांना दिसत होत्या. शरीरात काही घुसले तर या पेशी त्यावर धावून जात असतील का, अशी शंका आली. त्यांनी अंगणातला गुलाबाचा काटा आणून एका पिल्लाच्या अंगात खुपसला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात, या सिद्धान्ताचा पाया तिथे घातला गेला. पुढे १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये स्थिरावले आणि १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या परळची हाफकिन संस्था ज्यांचे नाव मिरवते, ते प्लेगच्या लसीचे वाल्डेमार हाफकिन हे मेचनिकॉव्ह यांचेच ओडेसातले विद्यार्थी.

साठीकडे झुकताना मात्र या माणसाला एका प्रश्नाने घेरले. दोनदा मरण ओढवून घेऊ पाहणाऱ्याला आता जगायचे होते. माणूस म्हातारा का होतो? त्यांचे बोट मोठ्या आतड्यावर गेले. मोठे आतडे छोटे असलेले पक्षी दीर्घायुषी असतात, असे त्यांचे निरीक्षण. मग हा अवयव म्हणजे जंतूंची कचराकुंडी. तिथे अन्न सडते, इंडोल, फिनॉल यांसारखी विषे रक्तात उतरतात आणि शरीर झिजते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. उपाय काय? आंबवलेले दूध! बल्गेरियातले खेडूत ते पितात आणि खूप जगतात, असा समज होता. त्यातल्या जंतूंचे आम्ल सडणे थांबवील, या विश्वासाने ते स्वतः रोज आंबट दूध पिऊ लागले. न शिजवलेले काही खाईनासे झाले. त्यांच्या शब्दाला इतके वजन होते की युरोपात दह्याची लाटच आली. त्याच काळात लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन हे बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडे चक्क काढून टाकीत.

आता त्यांची चूक कुठे झाली ते पाहू. ज्वारीची भाकरी खाल्ली की तिच्यातला पिठूळ भाग, प्रथिने, चरबी लहान आतड्यात शोषली जाते. उरतो कोंडा, साली, भाजीचे धागे. ते तोडण्याची पाचकद्रव्ये माणसापाशी जवळजवळ नाहीतच. म्हणून वर्षानुवर्षे आहारशास्त्राने हा चोथा शून्य धरला. पण मोठ्या आतड्यात, जिथे हवा नाही आणि घाईही नाही, तिथे जंतू त्याची वाट पाहत असतात. काही धाग्याला चिकटतात आणि साखरेच्या लांब साखळ्या कापतात. बॅक्टेरॉइडीस कुळातल्या एकाच जंतूकडे अशी कापणारी दोनशेहून अधिक द्रव्ये आहेत, हे २००३ मध्ये त्याचा जनुकीय नकाशा वाचल्यावर कळले. कापलेले तुकडे दुसरे जंतू खातात, त्यांनी टाकलेले तिसरे. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट. या पंगतीतून थोडा वायू सुटतो, आणि अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्यूटिरेट ही छोटी आम्ले तयार होतात. ब्यूटिरेट हे नाव लोण्यावरून पडले, कारण ते आम्ल आधी लोण्यात सापडले होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली निम्म्याहून अधिक ऊर्जा या ब्यूटिरेटवर चालवतात. जो चोथा आपण शून्य धरला, त्यातून जंतू आपल्यासाठी लोणी काढीत होते!

आणि मेचनिकॉव्हना दिसलेली विषे? तीही खोटी नव्हती. धागे मिळेनासे झाले की हेच जंतू उरल्यासुरल्या प्रथिनांकडे वळतात, आणि तेव्हा इंडोल, फिनॉल वाढतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असे उपाशी जंतू आतड्याचे बुळबुळीत संरक्षक आवरणच कुरतडताना आढळले. मेचनिकॉव्ह दुधाच्या पेल्यातून आम्ल आणू पाहत होते, आणि कोंड्यातून तशीच उपयोगी आम्ले आतच तयार होत होती. रक्कम त्यांनी अचूक मोजली होती. नोंद तेवढी नावे पडली.

हिशेबाची शंका बहुधा त्यांनाही आली असावी. अखेरच्या वर्षांत पिष्टापासून आतड्यातच साखर करून देणारा जंतू ते शोधत होते. दुरुस्तीच्या अगदी उंबऱ्यापर्यंत ते पोचले होते. १९१६ च्या जुलैत, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. मृत्यूनंतर माझी आतडी नीट तपासा, असे त्यांनी सहकाऱ्याला बजावून ठेवले होते, असे सांगतात. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहेत.

नवव्या दिवशी माझा अहवाल आला. गाठ साधी होती. तीन वर्षांनी पुन्हा तपासायचे आहे. बंधूंचे काय चुकले, हा हिशेब मी मांडत नाही. असल्या रोगाचे खाते एका नोंदीने जुळत नाही. पण बदल्यांच्या गावी पाव-बटरवर दिवस काढलेला मी आता रोज भाकरी आणि सालीची डाळ मागतो. पत्नीला वाटते, नवरा घाबरला. थोडा घाबरलोच आहे. पण त्याहून अधिक असे वाटते, की इतकी वर्षे पोटात निमूट राबणाऱ्या या मंडळींचा पगार आपण थकवला होता.